मालवणच्या बेटाभोवती होडीची सहल

बचत गटाच्या सहली बहुतेक देवदर्शनाच्याच निघतात. आमच्याही तशाच निघायच्या. पण दोन वर्षांपासून आम्ही घाटावरच्या बायका मालवणला जातो, होडी ठरवतो आणि सिंधुदुर्ग किल्ल्याच्या बेटाभोवती सावकाश हिंडत, जागा चांगली दिसली की पाण्यात उतरतो. "तुम्ही आणि समुद्रात?" असं गावात सगळ्यांनी विचारून झालं. तेव्हा हे कसं जमवायचं ते आज सांगतो.

आमच्यातल्या निम्म्या जणी लहानपणी पाठीला डबा किंवा वाळका भोपळा बांधून विहिरीत पोहायला शिकल्या होत्या. न्हाण आलं, मग लग्न झालं आणि पाणी सुटलं ते सुटलंच. उरलेल्या निम्म्यांनी गुडघ्याच्या वर पाणी पाहिलंच नव्हतं. तरीही दोघींना उतरता येतं. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण पस्तीस ग्रॅम मीठ असतं, त्यामुळे ते विहिरीच्या पाण्यापेक्षा थोडं जड असतं आणि अंग जास्त तरंगतं. त्यात अंगात लाइफ जॅकेट. हातपाय मारून धडपडलं नाही तर बाई बुडत नाही, नुसती तरंगते.

पण पहिल्या वर्षी आम्ही चुकलो, ते आधी सांगायला हवं. सुट्टी बघून पौर्णिमेचा दिवस धरला, जेवणं उरकून तीन वाजता पाण्यात उतरलो. एकीच्या जॅकेटचं बक्कल तुटलेलं होतं. होडीवाला म्हणाला, "काय्येक होणा नाय." आम्हीही भिडेपोटी गप्प बसलो. पाण्यात जाताच जॅकेट वर सरकलं, तिच्या कानांपर्यंत आलं आणि ओढ तिला होडीपासून लांब नेऊ लागली. होडीवरच्या मुलाने उडी मारून तिला आणलं. दोन घोट खारं पाणी पोटात गेलं, एवढ्यावर निभावलं. पण चूक एकट्या बक्कलाची नव्हती. वेळही चुकली होती.

वेळ कशी काढायची, ते कोळी लोकांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे आणि आपल्या भिंतीवरच्या कालनिर्णयावरूनही काढता येते. तिथीची पाऊणपट करायची. म्हणजे तीनने गुणून चारने भागायचं. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, दशमीला साडेसात. त्या सुमारास भरती पूर्ण होते, सकाळीही आणि संध्याकाळीही. तासाभराचा फरक पडतो, म्हणून होडीवाल्याला विचारायचंच. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. पूर्ण भरतीला पाणी थोडा वेळ थबकतं, पण मधल्या तासांत जोरात ओढतं. पौर्णिमेला भरती बाराच्या सुमारास असते आणि ते दिवस उधाणाचे. म्हणजे तीन वाजता आम्ही नेमकं सगळ्यात ओढीच्या वेळी उतरलो होतो! शिवाय दुपारी जमीन तापली की समुद्रावरून खारे वारे सुटतात आणि लाटा वाढतात.

दुसऱ्या वर्षी मार्गशीर्षातली दशमी धरली. अष्टमी-दशमीच्या आसपास भांगाचे दिवस, तेव्हा पाण्याची चढउतार कमी असते. सकाळी आठला निघालो, अकराच्या आत परत. पावसाळ्यात या होड्या बंदच असतात, तेव्हा जायचा हट्ट करू नये.

जॅकेट चढवलं की पट्टे ओढून घ्यायचे आणि मैत्रिणीला खांद्याजवळ धरून वर उचलायला सांगायचं. हनुवटीच्या वर सरकलं तर बदलून मागायचं. मिळालं नाही तर उतरायचं नाही. इथे भीड धरायची नाही.

साडी नको. भिजली की ती पायांत गुंडाळते आणि खाली ओढते. सलवार-कुडता चालतो, ओढणी होडीत ठेवायची. मंगळसूत्र काढायला काही जणी तयार नव्हत्या. त्यांनी ते कुडत्याच्या आत घेऊन पिनेने टाचलं. एक जुनी साडी मात्र जरूर न्यावी. दोघींनी धरली की होडीतच कपडे बदलायला आडोसा होतो. ज्यांना मळमळतं त्यांनी होडीच्या मध्यावर बसून लांब क्षितिजाकडे बघावं, मोबाइलकडे नाही.

पहिला मुक्काम किल्ल्याच्या बाजूच्या उथळ पाण्यात. तोंडावर काच बांधून नळीतून तोंडाने श्वास घ्यायचा असतो. आधी होडीत बसूनच दहा मिनिटं सराव करा, कारण नाक बंद झालं की जीव घाबरतो. खाली प्रवाळ दिसतं. दगडासारखं दिसलं तरी ते जिवंत असतं, बारीक बारीक जीवांनी मिळून बांधलेलं. त्यावर पाय दिला तर ते मोडतं आणि आपला पायही कापतो. हा भाग 1987 पासून सागरी अभयारण्य आहे, तिथून प्रवाळ उचलून आणणं गुन्हा आहे. रंगीत मासे मात्र हातभर अंतरावरून जातात. आमच्या एक मावशी, साठीच्या, नळी तोंडात असतानाच हसायला लागल्या आणि त्यांना ठसका लागला.

नंतर किल्ल्यात गेलो. शिवाजी महाराजांनी 1664 मध्ये कुरटे बेटावर हा किल्ला बांधायला घेतला. चारी बाजूंनी खारं पाणी असूनही आत गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत: दूधबाव, साखरबाव, दहीबाव. तटाबाहेर वाळूचा एक लहानसा तुकडा आहे, त्याला राणीची वेळा म्हणतात. वेळा म्हणजे पुळण. ताराराणी तिथे समुद्रस्नानाला येत असत, असं तिथले लोक सांगतात.

हे ऐकलं आणि पहिल्या वर्षी पाणी प्यालेली आमची मैत्रीण, जी सकाळपासून होडीतून उतरलीच नव्हती, म्हणाली, "माझं जॅकेट कुठंय?" तिच्या दोन्ही बाजूंना आम्ही दोघी हात धरून कमरेइतक्या पाण्यात उभ्या राहिलो. मान मागे टाकून ती पाठीवर तरंगली. थोड्या वेळाने म्हणाली, "सोडा आता हात."