बोटांच्या बेचक्यात

हात पुढे करायला सांगून बोटांची बेचकी पाहिली की खरजेचे अर्धे निदान होते. उरलेले अर्धे दोन प्रश्नांत: रात्री जास्त खाजते का, आणि घरात आणखी कोणाला खाजते?

धाराशिवच्या शाळांत हे प्रश्न राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक विचारते. फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरहून सुरू झालेल्या या योजनेत आयुष शाखेचे दोन डॉक्टर (एक पुरुष, एक स्त्री), परिचारिका आणि औषधनिर्माता अंगणवाडीत वर्षातून दोनदा, तर शाळेत एकदा येतात. तपासणीच्या यादीत वाहता कान, किडके दात, फिट्स आणि संधिज्वराने होणारा हृदयरोग यांच्या ओळीतच त्वचारोगही आहेत. हृदयाचे प्रकरण मोठ्या दवाखान्यात जाते, त्याची बातमी होते. खाजेची होत नाही. पण रात्रभर खाजवत जागलेले पोर सकाळी गणिताच्या तासाला पेंगते.

खरजेवरचे औषध सोपे आहे, ते लावणे अवघड. पर्मेथ्रिनचे मलम मानेखाली सर्वांगाला, बेंबीत आणि नखांच्या कडेलाही लावून रात्रभर ठेवायचे आणि आठवड्याने पुन्हा लावायचे. तेही घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री. कारण पहिल्यांदाच लागण झालेल्याला खाज सुटायला चार ते सहा आठवडे लागू शकतात. धाकटी बहीण आज खाजवत नाही म्हणून ती मोकळी आहे, असे नाही. शाळेतून एका पोराच्या हाती एक ट्यूब देऊन भागत नाही ते यामुळे. अंथरूण-पांघरूण गरम पाण्यात धुवा, हा सल्ला टँकरच्या गावात ऐकवायचा तरी कसा? त्याला बिनपाण्याची वाट आहे: कपडे पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर बाजूला ठेवायचे. अंगाबाहेर खरजेचा किडा साधारण दोन-तीन दिवसच तगतो.

गजकर्णाचे दुखणे वेगळे. मेडिकलमधून आणलेल्या, स्टेरॉइड मिसळलेल्या मलमाने खाज लगेच थांबते, बुरशी मात्र पसरत राहते आणि चट्ट्याची ओळखच बुजते. गालावरच्या फिकट डागांना घरचे जंत म्हणतात किंवा कोड समजून घाबरतात. बहुतेकदा ती कोरडी त्वचा असते. डागावर स्पर्श कळत नसेल तर मात्र कुष्ठरोगाची तपासणी हवीच.

वर्षातून एकदा येणारे पथक रोग शोधू शकते; आठवड्याने दुसरा लेप लागला का, हे गावातलेच कोणी पाहू शकते. तुळजापूर तालुक्यातील अणदूरला डॉ. शशिकांत आणि डॉ. शुभांगी अहंकारी यांनी उभारलेल्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने हेच हेरून गावातल्या बायकांना ‘भारतवैद्य’ म्हणून तयार केले. किरकोळ आजारांवर प्राथमिक उपचार करणारी ही बाई शेजारचीच असते, त्यामुळे कोणाच्या घरात किती जण एका गोधडीत झोपतात हे तिला विचारावे लागत नाही.

पथकाच्या वेळापत्रकाला छेद देते ती ऊसतोड. दिवाळीनंतर आई-बापांबरोबर फडावर गेलेली मुले तपासणीच्या दिवशी गैरहजर ठरतात, आणि कोपीतल्या दाटीत खरूज पसरायला वेळ लागत नाही. भूम, वाशी, कळंबकडच्या ज्या गावांतून टोळ्या जातात, तिथल्या शाळा दिवाळीआधीच तपासून झाल्या पाहिजेत, आणि गुढीपाडव्याच्या सुमारास मुले परतली की बेचक्या पुन्हा एकदा पाहायला हव्यात.