बैठका आणि मांडीचे स्नायू

बैठकेला साहित्य लागत नाही. वर्गाबाहेरील ओटाही पुरतो. तरीही पुष्कळ विद्यार्थ्यांना तिचा परिचय होतो तो व्यायाम म्हणून नव्हे, तर उठाबशांची शिक्षा म्हणून. या दोहोंतील भेद समजण्यास मांडीची रचना प्रथम ध्यानी घ्यावी.

मांडीच्या पुढील बाजूस चतुःशिरस्क हा चार भागांचा स्नायू असतो. गुडघा सरळ करणे हे त्याचे कार्य. आतील बाजूचे स्नायू मांड्या जवळ आणतात. नितंबाचे व मांडीमागील स्नायू खुब्यात वाकलेले शरीर सरळ करतात. बैठकेत हे सर्व राबतात. मात्र पवित्रा बदलला की भाराची वाटणी बदलते.

(१) अर्धी बैठक : मुख्य भार पुढील स्नायूवर. नवशिक्यांनी येथूनच आरंभ करावा.

(२) पूर्ण बैठक : जितके खोल जावे, तितका नितंबाच्या व आतील स्नायूंचा वाटा वाढतो.

(३) पाय फाकवून बैठक : आतील स्नायूंस अधिक काम.

(४) तालमीतील चवड्यांवरची बैठक : टाचा उचलल्याने गुडघे पुढे जातात, पुढील स्नायू, पोटऱ्या व गुडघे यांवर ताण वाढतो. ही सरावानंतरच द्यावी.

धड पुढे झुकविल्यास भार गुडघ्याकडून खुब्याकडे सरकतो. कोणत्याही प्रकारात गुडघे पावलांच्या दिशेनेच वळावेत.

खाली बसताना पुढील स्नायू लांबत असतानाच शरीराचे वजन पेलतो. त्यामुळे सवय नसलेल्या मुलाच्या मांड्या एक-दोन दिवसांनी दुखतात. हे दुखणे आपोआप शमते. परंतु अशा मुलाकडून शेकडो उठाबशा काढविल्यास स्नायुतंतूंचा नाश होऊन त्यांतील द्रव्ये रक्तात उतरतात व मूत्रपिंडांस गंभीर अपाय होऊ शकतो. लघवी काळ्या चहासारखी होणे हे त्याचे एक लक्षण होय. तसे दिसताच मुलास विनाविलंब दवाखान्यात न्यावे.

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याच्या कलम १७ अन्वये शारीरिक शिक्षेस व मानसिक छळास मनाई आहे. कायदा जे निषिद्ध मानतो, त्याचे कारण शरीरशास्त्रातही असे सापडते.

व्यायाम देणारा शिक्षक मुलाच्या शक्तीचे माप पाहतो. शिक्षा देणारा केवळ आकडा मोजतो. आरंभी आठ-दहा बैठका, मध्ये विश्रांती, मग पुन्हा तितक्याच, आणि मुलगा थकताच विराम, एवढा क्रम पाळला तरी बैठक मुलांच्या आवडीची होईल.