विमान कंपनी 'उठली' तर?

मागच्या पालकसभेनंतर एक पालक थांबले. रिंगरोडच्या कापड मार्केटात नोकरी, मुलगी बारावी सायन्सला, आणि तिला पायलट व्हायचे आहे. फीविषयी विचारतील असे वाटले होते. पण त्यांचा प्रश्न निराळाच होता. "सर, एवढा पैसा घालायचा आणि उद्या कंपनीच उठली तर?"

'उठणे' म्हणजे काय हे सुरतकरांना समजावून सांगायला नको. व्यापारी दुकानाला कुलूप लावतो, वीणकराचे पेमेंट अडकते, प्रोसेस हाऊसचे अडकते आणि शेवटी पोटलीवाल्या मजुराचेही अडकते. गुजरातीत याला उठमणुं म्हणतात. विमान कंपनीचे उठमणुं पुष्कळसे असेच असते, पण एक मोठा फरक आहे. मार्केटातला व्यापारी उठला तर निदान मागे गोडाऊनमधला माल सापडतो. विमान कंपनीची विमाने मात्र बहुधा तिची नसतातच, भाड्याने घेतलेली असतात. भाडे थकले की मालक ती परत मागतो. विमानतळावर उतरण्या-उडण्याच्या ठरलेल्या वेळा, ज्यांना स्लॉट म्हणतात, त्याही दुसऱ्या कंपन्यांकडे जातात. मग पगार वसूल करायचा तरी कशातून?

आपल्याला जवळचे उदाहरण मुंबईच्या जेट एअरवेजचे. १९९३ च्या मे महिन्यात तिची विमाने उडू लागली आणि पुढे शंभराहून अधिक विमाने झाली. २०१९ च्या सुरुवातीपासून वैमानिक, इंजिनिअर आणि वरिष्ठ अधिकारी यांचे पगार रखडले, मार्चपासून इतरांचेही. १७ एप्रिल २०१९ च्या रात्री अमृतसरहून मुंबईला आलेले विमान हे शेवटचे ठरले. सुमारे वीस हजार माणसे या कंपनीवर अवलंबून होती. जून महिन्यात स्टेट बँक व इतर बँकांनी प्रकरण राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाकडे नेले.

येथून कायद्याचा भाग सुरू होतो. तो थोडा रुक्ष आहे, पण पालकांनी अवश्य वाचावा. २०१६ च्या नादारी व दिवाळखोरी कायद्याप्रमाणे आधी कंपनी चालवायला कोणी नवा मालक मिळतो का हे पाहतात. न मिळाल्यास कंपनी मोडून आलेला पैसा रांगेने वाटतात. रांगेत पहिला खर्च या कारवाईचाच. त्यानंतर कामगारांचे मागील चोवीस महिन्यांचे येणे, आणि त्यांच्याच बरोबरीने, तारण सोडून देऊन रांगेत आलेल्या बँका. कामगार नसलेल्या कर्मचाऱ्यांचे येणे त्यांच्या मागे, आणि तेही फक्त बारा महिन्यांचे. म्हणजे एकाच विमानाशी राबणारे दोघे, एक मेकॅनिक आणि एक ऑफिसर, रांगेत वेगवेगळ्या जागी उभे राहतात. वैमानिकाला 'कामगार' म्हणायचे की नाही, यावर तर कोर्टात वाद झाले आहेत. ठेकेदारामार्फत आलेले लोडर आणि सफाईवाले यांना तर आधी ठेकेदाराचेच दार ठोठवावे लागते. त्यांची बातमी सहसा कोठे येत नाही.

पीएफ आणि ग्रॅच्युइटीचे निधी मात्र या रांगेच्या बाहेर ठेवलेले आहेत. ती रक्कम कंपनीची मालमत्ता नव्हे. जेटसाठी जालान-कालरॉक या गटाची योजना २०२१ मध्ये मंजूर झाली, तीत सर्व कामगार-कर्मचाऱ्यांसाठी मिळून बावन्न कोटी रुपये होते. गणिताच्या विद्यार्थ्यांनी वीस हजारांनी भागून पाहावे! कर्मचारी संघटना अपिलात गेल्या. ऑक्टोबर २०२२ मध्ये अपील न्यायाधिकरणाने थकलेला पीएफ आणि ग्रॅच्युइटी देण्याचा आदेश दिला, आणि जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला. पण नव्या मालकाची योजनाच पुढे सरकली नाही. ७ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कंपनी मोडीत काढण्याचा हुकूम दिला. शेवटच्या उड्डाणाला तोवर साडेपाच वर्षे झाली होती. एवढ्या काळात पाचवीतला मुलगा दहावी ओलांडतो.

गो फर्स्टची गोष्ट वेगळ्या वाटेने गेली, पण पोचली तेथेच. मे २०२३ मध्ये वाडिया समूहाच्या या कंपनीने स्वतःच नादारीचा अर्ज केला. तिच्या ५४ विमानांपैकी निम्मी इंजिनांच्या बिघाडामुळे आधीच जमिनीवर होती. वैमानिक जाऊ नयेत म्हणून कॅप्टनला महिना एक लाख रुपये जादा देऊ केले, तरी पुष्कळजण गेले. २०२४ च्या एप्रिलमध्ये दिल्ली हायकोर्टाने विमाने मालकांना परत मिळण्याची वाट मोकळी केली आणि २०२५ च्या जानेवारीत ही कंपनीही मोडीत निघाली. त्याच वर्षी संसदेने विमानमालकांचे हक्क बळकट करणारा कायदाही केला. त्यामुळे विमाने भाड्याने मिळणे सोपे होईल हे खरे, पण बुडत्या कंपनीकडून ती जातीलही लवकर. कर्मचाऱ्यांच्या बाजूने पाहता मला ही गोष्ट काळजीची वाटते.

आता वैमानिकाचे विशेष दुःख. शिक्षक शाळा बदलली तरी तेच गणित शिकवतो. वैमानिकाचा परवाना मात्र विमानाच्या प्रकाराला बांधलेला असतो. बोइंग ७३७ चालवणाऱ्याला एअरबस ए३२० वर बसायचे तर नवे प्रशिक्षण लागते, आणि त्याचा लाखोंचा खर्च बहुधा पदरचा. शिवाय हे कौशल्य घरी बसून टिकत नाही. नव्वद दिवसांत ठरावीक उड्डाणे-उतरणी, सहा महिन्यांनी सिम्युलेटरवर परीक्षा, मुदतीत वैद्यकीय तपासणी, हे चुकले की परवाना हातात असूनही विमान हातात मिळत नाही. २०१९ मध्ये जेटच्या बऱ्याच वैमानिकांना स्पाइसजेटने घेतले, कारण तिच्याकडेही ७३७ होती. इतरांना इतके सोपे गेले नाही. नव्या कंपनीत ज्येष्ठता शून्यापासून धरतात, त्यामुळे कॅप्टनलाही पुन्हा उजव्या खुर्चीत, म्हणजे सहवैमानिकाच्या जागी, बसावे लागू शकते.

सर्वात कठीण अवस्था नव्या सहवैमानिकाची. कर्ज डोक्यावर, उड्डाणाचे तास थोडे, आणि कॅप्टन होण्यास लागणारा परवाना दीड हजार तासांशिवाय मिळत नाही. त्यातच २०१७ च्या नियमाने कॅप्टनला एक वर्षाची आणि सहवैमानिकाला सहा महिन्यांची नोटीस आहे. पगार बंद पडलेल्या घराला सहा महिने म्हणजे काय, ते मंदीत घंटी बंद पडलेल्या रत्नकलाकाराच्या घरी विचारावे.

एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. किंगफिशरने (ती २०१२ मध्ये बंद पडली) पगारातून आयकर कापला पण सरकारात भरला नाही. पुढे कर्मचाऱ्यांकडेच त्या कराची मागणी होऊ लागली. अशा एका वैमानिकाचे प्रकरण आपल्या गुजरात हायकोर्टात गेले. २०२१ मध्ये कोर्टाने सांगितले की कर पगारातून कापला गेला असेल तर तो पुन्हा कर्मचाऱ्याकडून मागता येणार नाही. कर कापला गेल्याचे सिद्ध करायला पगारपत्रके आणि बँकेच्या नोंदी उपयोगी पडतात. पगाराची चिठ्ठी फाडून टाकणाऱ्या आपल्या मंडळींनी याची नोंद घ्यावी. फॉर्म २६एएस आणि पीएफचे पासबुक दर तीन महिन्यांनी पाहिले तर भरणा थांबल्याचे लगेच कळते, आणि पुष्कळदा कंपनी डळमळीत झाल्याची पहिली खूण हीच असते.

त्या पालकांना मी हे सारे सांगितले. थोडा वेळ ते गप्प राहिले. मग म्हणाले, "आमच्या मार्केटातही पार्टी उठायच्या आधी पेमेंट लांबतंच, सर." मुलीला 'नको' म्हणावे असे त्यांच्या मनात नव्हते, माझ्याही नव्हते. तिने कर्जाचा अर्ज करण्याआधी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या यादीतील डॉक्टरांकडे वर्ग दोनची वैद्यकीय तपासणी करून घ्यावी, असे ठरले. त्यात डोळ्यांची परीक्षा असते, आणि तिला चष्मा आहे. चष्म्याने बाद होत नाहीत, पण तो किती नंबरचा हे पाहतात. दिवाळीच्या सुट्टीत ती जाणार आहे.