दुर्बीण पारखावी ती संध्याकाळी

रानपिंगळा आणि गावातला साधा पिंगळा यांच्यातला फरक डोक्यावर असतो. साध्या पिंगळ्याच्या माथ्यावर पांढरे ठिपके स्पष्ट दिसतात. रानपिंगळ्याचा माथा जवळजवळ बिनठिपक्यांचा, छाती गडद तपकिरी आणि पोट पांढरं. १८८४ नंतर हा पक्षी कुणाला सापडला नव्हता. नोव्हेंबर १९९७ मध्ये पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट यांना तो शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी दिसला. पुढं आमच्या मेळघाटातही आढळला. एवढ्याशा माथ्यावर ठिपके आहेत की नाहीत, हे पानगळीच्या सागवानात लांबूनच ठरवावं लागतं. दुर्बिणीचा कस लागतो तो इथं.

मी अमरावती जिल्ह्यातल्या भातकुलीचा. पूर्णेच्या खोऱ्यातला आमचा खारपाणपट्टा मोकळा. नजर लांबवर जाते. हिवाळ्यात हरभऱ्यावरून भोवत्या पक्षी खालून खालून तरंगत जातात, आणि पांढुरक्या भोवत्याची मादी की माँटेग्यूच्या भोवत्याची, हे ओळखायला मानेवरची फिकट पट्टी पाहावी लागते. शाळेत विज्ञान शिकवत असताना पोरांना घेऊन शिवारात जायचो, ते निवृत्तीनंतरही चालू आहे. म्हणून जुने विद्यार्थी नोकरीला लागले की विचारतात, "सर, दोन लाखाची दुर्बीण घेऊ काय? तिच्यात असं काय जास्त दिसते?" प्रश्न रास्त आहे. स्वारोव्स्कीची एनएल प्युअर, झाइसची व्हिक्टरी एसएफ, लायकाची नॉक्टिविड यांच्या किमती लाखांतच चालतात.

आधी आकडे समजून घ्या. ८×४२ म्हणजे आठपट मोठं दिसणार आणि पुढचं भिंग ४२ मिलिमीटरचं. ४२ ला ८ नं भागलं की ५.२५ येतात, तेवढ्या मिलिमीटर रुंदीचा प्रकाशझोत डोळ्यापाशी पोचतो. खिशात मावणाऱ्या १०×२५ मध्ये तो अडीचच. भर दुपारी डोळ्याची बाहुलीच दोन-तीन मिलिमीटरवर आलेली असते, म्हणून तेव्हा दोघींतला उजेड सारखाच वाटतो. सूर्य बुडाला की लहान दुर्बीण आंधळी होते, आणि पिंगळे बोलू लागतात ते नेमके तेव्हाच. तरुणाची बाहुली अंधारात सात मिलिमीटरपर्यंत उघडते, म्हाताऱ्याची बहुधा पाचच्या आसपास थांबते. त्यामुळं माझ्या वयाच्या माणसानं ८×५६ चं ओझं गळ्यात घालण्यात अर्थ नाही. दहापटीचा मोहही जपून धरावा, कारण पक्ष्याबरोबर हाताची थरथरही तेवढीच वाढते.

पण आठ हजारांच्या आणि दोन लाखांच्या दुर्बिणीवर आकडा तोच असतो, ८×४२. पैसा जातो तो आकड्यात न दिसणाऱ्या गोष्टींत. लेप नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे चार टक्के प्रकाश मागं फिरतो, आणि दुर्बिणीत असे पृष्ठभाग अनेक. झाइसमधल्या अलेक्झांडर स्माकुला यांनी १९३५ मध्ये पातळ लेपाचा उपाय काढला. सरळ नळ्यांच्या दुर्बिणीत आणखी एक अडचण आहे. तिच्यातला छपरासारखा लोलक प्रकाशाचे दोन भाग करतो, आणि ते पुन्हा एकत्र येताना त्यांच्या लहरींचा मेळ चुकतो. बारीक तपशील पुसट होतो. त्यावरचं फेज कोटिंग झाइसनं १९८८ मध्ये आणलं. म्हणून आठ-दहा हजारांतच बसवायचं असेल तर रुंद खांद्यांची, जुन्या घाटाची पोरो दुर्बीण घ्यावी; तिच्यात हा दोष मुळातच नाही.

भातकुलीत दुर्बिणीचं दुकान नाही. बहुतेक जण घरपोच मागवतात, तेव्हा परत करायची मुदत संपायच्या आत ती शिवारात न्यायला हवी. भिंगात ट्यूबलाइटचं प्रतिबिंब पाहा: मंद हिरवट-जांभळं असेल तर लेप आहे, पांढरंफटक असेल तर नाही. दुर्बीण हातभर लांब धरून आभाळाकडे केली की मागच्या भिंगात उजेडाचा ठिपका दिसतो. तो पूर्ण गोल हवा, कडा कापलेल्या नकोत. विजेच्या तारेवरचा कावळा पांढऱ्या आभाळासमोर बघा. त्याच्याभोवती जांभळी-हिरवी किनार जितकी कमी, तितकी काच चांगली. मग सूर्य मावळायला आला की त्याच्या बाजूच्या, सावलीतल्या झाडाकडे वळा. सूर्याकडे मात्र कधीच नाही, डोळा जाईल. हलक्या दुर्बिणीत त्या झाडावर धुरकट पडदा चढतो. उत्तम दुर्बिणीत सालीच्या भेगाही दिसतात. माझ्या लेखी हीच सगळ्यांत मोठी परीक्षा. शेवटी दहा मिनिटं सलग पाहा. डोकं जड झालं तर दोन नळ्या एका रेषेत नसण्याची शक्यता आहे, आणि ती दुर्बीण कितीही महाग असो, परत पाठवा. चष्मा असेल तर तो न काढता पूर्ण गोल दिसतो का, हेही बघा.

माझं मत असं: दहा हजारांवरून तीस-चाळीस हजारांवर गेलात, तर फरक पहिल्याच नजरेत कळतो. तिथून दोन लाखांवर गेलात, तरी दुपारच्या उजेडात मधोमध बसलेला पिंगळा दोन्हींत जवळपास सारखाच दिसेल. जास्तीचे पैसे मोजून मिळतं ते कडेपर्यंतचं स्वच्छ चित्र, उजेडासमोरचा तपशील, न शिणणारे डोळे आणि रुंद दृश्य. एनएल प्युअर ८×४२ मध्ये हजार मीटरवर १५९ मीटरचा पट्टा एका वेळी दिसतो. उडता भोवत्या त्यात सहज राहतो. जंगलात रोज राबणाऱ्या अभ्यासकाला हे पैसे वसूल होतात, आणि त्यानं ते खुशाल खर्चावेत. महिन्यातून एखाद्या रविवारी अमरावतीच्या छत्री तलावावर जाणाऱ्यानं तीस-चाळीस हजारांवर थांबावं. आणि शाळेसाठी कुणी देणगी द्यायला निघालं, तर एका दोन लाखांच्या दुर्बिणीऐवजी तेवढ्याच पैशात वीस साध्या पोरो दुर्बिणी घ्या. एकच असली तर निम्म्या पोरांची पाळी येण्याआधी पक्षी उडून जातो.