बंदूक हवी की बॅटरी?

वादळ येणार म्हटलं की आपल्याला आधी भीती वाटते ती माणसांची. पाणी, वीज, झाडं यांची आठवण नंतर होते. ह्यूस्टनमधला आतेभाऊ आणि वाटूरचे अप्पा. एकाच पावसाळ्यात, एकाच आठवड्यात दोघांनी मला जवळजवळ एकच प्रश्न विचारला!

शनिवारची रात्र. ६ जुलै २०२४. आठवडाभराच्या डेडलाइन्स संपवून मी पुण्यातल्या फ्लॅटवर मस्त मॅगी करून घेतली होती. तेवढ्यात मोबाइल वाजला. दादा! माझा आतेभाऊ. ह्यूस्टनच्या पश्चिमेला केटी नावाचं उपनगर आहे, तिथे राहतो. बायको, वर्षाची मुलगी, एच-वन-बी व्हिसा, ईएमआय... टिपिकल आपल्यातलाच.

‘अगं, एक विचारू? हसू नकोस. बंदूक घेऊ का?’

मी हसलेच. शाळेत असताना बेडकाला घाबरणारा हा माणूस! पण त्याचा आवाज हसण्यासारखा नव्हता. बेरिल नावाचं हरिकेन मेक्सिकोकडे जाईल असं वाटत होतं, ते आता टेक्सासच्या किनाऱ्याकडे वळत होतं. दादा स्टोअरमध्ये उभा होता. पाण्याचे क्रेट संपत आलेले, ब्रेडचा रॅक रिकामा, जनरेटरसाठी लाइन. आणि पलीकडे बंदुका अन् काडतुसांच्या काउंटरवरही गर्दी. ऑफिसमधल्या कलीगने त्याला लिस्ट सांगितली होती : पाणी, गॅस, गन. ‘लाइट गेले की चोर येतात,’ म्हणे.

काउंटरवर फॉर्म, आणि फॉर्मवर व्हिसा!

अमेरिकेत म्हणे भाजी घ्यावी तशी बंदूक घेता येते. पण ते सगळ्यांसाठी नाही, हे दादाला त्या काउंटरवर कळलं. दुकानातून बंदूक घ्यायची तर फेडरल सरकारचा फॉर्म भरावा लागतो आणि पार्श्वभूमीची तपासणी होते. त्या फॉर्मवर इमिग्रेशनचा प्रश्न असतो. ग्रीन कार्डवाल्याला बंदूक घेता येते. एच-वन-बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला सहसा नाही. मोजके अपवाद आहेत. त्यातला एक भन्नाट आहे : शिकारीचा परवाना! म्हणजे आमच्या दादाला चोरांपासून वाचण्यासाठी आधी हरणाच्या मागे जावं लागणार.

तो पाण्याचे दोन क्रेट आणि एक मोठी बॅटरी घेऊन घरी परतला. बॅटरी म्हणजे आपली टॉर्च. जाम नाराज होऊन.

खरं सांगायचं तर त्याची भीती अगदीच हवेतली नव्हती. अमेरिकेत हरिकेन आणि बंदूक यांचं नातं जुनं आहे. ऑगस्ट २००५ मध्ये कॅटरिना हरिकेनने न्यू ऑर्लीन्स बुडवलं, तेव्हा टीव्हीवर लूटमारीची दृश्यं दिसत होती. बचावाच्या हेलिकॉप्टरवर गोळ्या झाडल्या जाताहेत अशा बातम्या होत्या. पोलिसांनी नागरिकांच्या बंदुका जप्त करायला सुरुवात केली. त्यावर इतका गदारोळ झाला, की २००६ मध्ये अमेरिकी काँग्रेसने आपत्तीच्या काळात अशी जप्ती करायला बंदी घातली. फ्लोरिडाने तर २०१५ मध्ये आणखी पुढची पायरी गाठली. सक्तीने घर सोडायचा आदेश निघाला, की पहिले ४८ तास परवाना नसला तरी बंदूक लपवून सोबत न्यायची मुभा तेव्हा दिली. २०१७ मध्ये इर्मा वादळ येताना तिथल्या काही टारगटांनी फेसबुकवर ‘वादळावर गोळ्या झाडू या’ असा इव्हेंट काढला आणि हजारो लोकांनी ‘येतो’ म्हणून क्लिक केलं! शेवटी पास्को काउंटीच्या शेरीफ ऑफिसला सांगावं लागलं, की बाबांनो, वादळावर गोळ्या झाडू नका.

हसू येतं ना? पण कॅटरिनाची पुढची गोष्ट हसण्यासारखी नाही. लूटमार झाली हे खरं. पण नंतर नीट चौकशी झाली, तेव्हा त्या दिवसांतल्या कितीतरी भयंकर बातम्या अफवा किंवा अतिरंजित निघाल्या. आणि ४ सप्टेंबर २००५ ला डॅनझिगर पुलावर पोलिसांनी नि:शस्त्र माणसांवर गोळ्या झाडल्या. दोघे ठार, चौघे जखमी. ती माणसं पुरातून वाचलेली होती. ती भीतीतून वाचली नाहीत.

इकडे वाटूरला ड्रोन!

दादाचा फोन ठेवला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पांचा फोन. आमचं गाव वाटूर. जालन्याहून मंठ्याकडे निघालात की वाटूर फाटा लागतो. तालुका परतूर. समुद्र इथून शेकडो किलोमीटर लांब, त्यामुळे हरिकेन वगैरे आमच्या डिक्शनरीत नाही. पण टेन्शन होतंच.

‘काहून गं, पेपरात काही आलं का ड्रोनचं?’

२०२४ चा तो जून-जुलै आठवा. बीड, जालना आणि आजूबाजूच्या जिल्ह्यांत रात्री आकाशात ड्रोन फिरताहेत अशा बातम्या येत होत्या. चोर म्हणे ड्रोनने घरं हेरतात. विषय विधानसभेपर्यंत गेला. गावोगाव पोरं रात्र जागून काढत होती. आमच्या वाटूरमध्येही गल्लीतल्या पोरांनी गस्त सुरू केली होती. हातात काठ्या, गळ्यात शिट्ट्या आणि मोबाइलवर व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. कोणाचा नंबर कोणाकडे नाही असं घर उरलं नाही.

अप्पा म्हणाले, ‘तुझ्या आजोबाची बंदूक द्यायला नको होती आपण.’

आजोबांकडे ठासणीची बंदूक होती. रोही आणि रानडुकरं पिकात शिरतात म्हणून परवाना काढलेला. शस्त्र कायदा १९५९ मध्ये पिकाच्या राखणीसाठी अशा ठासणीच्या बंदुकीची खास तरतूद आहे. आजोबांनी आयुष्यात ती किती वेळा उडवली असेल? आजीच्या म्हणण्याप्रमाणे तीनदा, आणि तिन्ही वेळा रोही आरामात चालत गेला! वळवाच्या वादळात एकदा आखाड्यावरचे पत्रे उडाले, तेव्हा आजोबा आधी बंदूक घेऊन बाहेर पळाले होते. वाऱ्यावर रोखणार काय? आजी तोवर शेरडं आणि पोरं घेऊन देवळात पोचली होती. आजोबा गेल्यावर परवाना त्यांच्याबरोबर संपला आणि अप्पांनी बंदूक पोलीस ठाण्यात जमा केली.

आता नवी घ्यायची तर? मी ऑफिसच्या लंचमध्ये मुद्दाम माहिती काढली, कारण आपल्यातल्याही बऱ्याच जणांना वाटतं, की पैसे टाकले की परवाना मिळतो. तसं नाहीये. वय २१ पूर्ण हवं. जालन्यासारख्या जिल्ह्यात अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे, पुण्या-मुंबईत पोलीस आयुक्तांकडे. मग पोलिसांची चौकशी, जिवाला धोका आहे का त्याची छाननी, शस्त्र सुरक्षितपणे हाताळायच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, घरी ते कुलपात ठेवायची सोय. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला जास्तीत जास्त दोनच शस्त्रं आणि परवान्याची मुदत पाच वर्षं. थोडक्यात, वादळाचं नाव जाहीर झाल्यावर अर्ज केलात, तर फाइल टेबलावरून हलेपर्यंत वादळ विरून गेलेलं असेल.

आणि बंदूक मिळाली तरी पुढे? स्वसंरक्षणाचा हक्क भारतीय न्याय संहितेच्या ३४ ते ४४ कलमांत आहे. पण बचावासाठी लागते त्यापेक्षा जास्त इजा करायची मुभा त्यात नाही. अंधारात, पावसात, घाबरलेल्या माणसाने ‘किती लागते’ याचा हिशेब कसा करायचा?

दारावर थाप

आता परत ह्यूस्टन. ८ जुलैच्या पहाटे बेरिल माटागोर्डाजवळ किनाऱ्यावर आदळलं. पहिल्या कॅटेगरीचं, म्हणजे हरिकेनांमधलं सगळ्यात सौम्य. तरी शहर आणि परिसरात वीस लाखांहून जास्त ग्राहकांची वीज गेली. घरांवर झाडं पडून माणसं गेली. नंतरच्या दिवसांत, एसी बंद पडल्यामुळे, उकाड्याने आणखी गेली. बंद जागेत जनरेटर लावल्याने कार्बन मोनॉक्साइडची बाधा झालेल्यांचे फोन अग्निशमन दलाकडे येत राहिले. लोकांनी तर कुठे वीज आहे हे शोधायला व्हॉटाबर्गरचं अ‍ॅप वापरलं. कुठल्या भागातलं बर्गरचं दुकान चालू आहे ते बघायचं, तिकडे वीज!

दादाच्या घरी दुसऱ्या रात्री, मुलगी उकाड्याने किंचाळत असताना, दारावर धाडधाड थाप पडली. त्याने मला नंतर सांगितलं, ‘माझे पाय लटपटत होते. हातात स्वयंपाकघरातली सुरी होती.’ बाहेरच्या माणसाने स्वत:च्याच चेहऱ्यावर टॉर्च मारली. समोरच्या घरातला म्हातारा. ज्याच्या ट्रकवर बंदुकीचे स्टिकर आहेत, आणि ज्याला बघून दादा दोन वर्षं फक्त मान हलवायचा, तोच! त्याने बाळाचं रडणं ऐकलं होतं. अंगणात त्याचा जनरेटर चालू होता. तिथून एक्स्टेन्शन कॉर्ड ओढून घेऊन आला होता. फॅनपुरती.

दादा मला म्हणाला, ‘त्या दिवशी काउंटरवर मला गन मिळाली असती तर?’

मला एकदम योशिहिरो हात्तोरी आठवला. जपानी एक्स्चेंज स्टुडण्ट, वय १६. ऑक्टोबर १९९२ मध्ये लुइझियानातल्या बॅटन रूजला हॅलोविनच्या पार्टीला निघाला आणि चुकून दुसऱ्याच घराची बेल वाजवली. घरमालकाने गोळी झाडली. तो चोर नव्हता, पत्ता चुकला होता इतकंच. खटल्यात घरमालक निर्दोष सुटला. थाप देणारा कोण आहे, हे कळायला दोन सेकंद लागतात. बंदुकीला तेवढीही लागत नाहीत.

पोळ्याच्या आदल्या रात्री

आमच्या वाटूरला ड्रोनवाला चोर काही आला नाही. पाणी मात्र आलं.

१ सप्टेंबर २०२४, रविवार. दुसऱ्या दिवशी पोळा. त्या दोन दिवसांत मराठवाड्यात तुफान पाऊस झाला. परभणी, हिंगोली, नांदेड, जालना... सगळीकडे नद्या-ओढ्यांना पूर. आमची बैलजोडी आखाड्यावर. खांदमळणी झालेली, शिंगं रंगवायची बाकी. रात्री पावसाचा जोर वाढला आणि अप्पा आईला न सांगता बॅटरी घेऊन निघाले. बैल दावणीला बांधलेले आहेत, पाणी चढलं तर उभ्या उभ्या बुडतील, एवढंच त्यांच्या डोक्यात.

जाताना ओढा गुडघ्याइतका होता. बैलांचे कासरे सोडेपर्यंत तो कमरेच्या वर गेला. अप्पा आखाड्याच्या उंचवट्यावर अडकले. मोबाइल भिजून बंद.

आईने मला फोन केला तेव्हा रात्रीचे बारा वाजून गेले होते. मी पुण्यात. साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास अंतर आणि हातात फक्त फोन. त्या अर्ध्या तासात मला काय वाटलं ते मी इथे लिहू शकत नाही. आईने शेजारच्या पोराला उठवलं आणि त्याने त्या गस्तीच्या ग्रुपवर एक ओळ टाकली. जुलैपासून तो ग्रुप शांतच होता. पण नंबर होते. पोरांना रात्री उठायची सवय होती. दहा मिनिटांत सहा जण ओढ्यावर. एकाने ट्रॅक्टर आणून हेडलाइट लावले, दुसऱ्याने विहिरीचा दोर. पलीकडे अंधारात अप्पांची बॅटरी उघडझाप करताना दिसली. पोरांनी ओरडून त्यांना जागचं हलू दिलं नाही. पाणी उतरेपर्यंत, पहाटे चारपर्यंत, ती ओढ्याच्या काठी बसून राहिली. मग दोर लावून अप्पांना आणलं.

बैल सकाळी आपोआप घरी आले. शिंगं न रंगवताच पोळा झाला. अप्पांनी त्या सहाही पोरांना पुरणपोळी वाढली आणि मला फोनवर म्हणाले, ‘बंदूक असती तर काय केलं असतं गं मी? ओढ्याला दाखवली असती?’

मी सेल्फ-डिफेन्सच्या विरोधात नाही. रात्री उशिरा कॅबने घरी येणारी मुलगी आहे मी, मला भीती माहीत आहे. पण वादळाच्या रात्री भिंतीपलीकडच्या माणसाला आपण आधी चोर ठरवलं, तर त्याला हाक कशी मारणार? तुमच्या फ्लोअरवर समोर कोण राहतं, त्याचा नंबर तुमच्याकडे आहे का? माझ्याकडे नव्हता. त्या सोमवारी ऑफिसला जायच्या आधी मी बेल वाजवली आणि घेतला.

वादळाआधी एवढं कराच!

• नंबर कागदावर लिहा : शेजारी, गावातले दोन जण आणि ११२. जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्ष १०७७. मोबाइल भिजला की कॉन्टॅक्ट लिस्टही जाते.

• वाहत्या पाण्यात उतरू नका : १५ सेंटिमीटर जोरदार पाणी धडधाकट माणसाला पाडतं, ३० सेंटिमीटर छोटी कार वाहून नेतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा मुंबईत काही जण बंद गाड्यांत गुदमरून गेले. पाणी चढू लागलं की गाडीचा मोह सोडा.

• विजेची आगाऊ सूचना : पुण्याच्या आयआयटीएमचं ‘दामिनी’ अ‍ॅप गावाकडच्या मोबाइलवरही टाकून द्या. वीज चमकताना झाडाखाली थांबू नका.

• जनरेटर घराबाहेरच : दारं-खिडक्यांपासून सहा मीटर तरी लांब. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

• जनावरं : पुराचा इशारा आला की दावी सोडा, आणि ती दिवसाउजेडी सोडा.

• आणि एक दणकट बॅटरी. सेल बदलून ठेवलेली!