विजेची बटणे

विजेचे बटण आपण रोज दाबतो. पण त्याच्या आत काय असते? आत धातूच्या पट्ट्या असतात. बटण खाली दाबले की पट्ट्या चिकटतात व वीज वाहते. वर केले की मध्ये फट पडते आणि वीज थांबते.

बटणांचे प्रकार :

१) साधे बटण – दिव्याला, पंख्याला असते.

२) घंटीचे बटण – दाबून धरले तोवरच घंटी वाजते. आतल्या स्प्रिंगने ते परत वर येते.

३) जिन्याची बटणे – एक खाली, एक माडीवर. कोणत्याही बटणाने दिवा लावता व घालवता येतो.

४) स्टार्टर – विहिरीवरच्या मोटारीला असतो. हिरवे बटण दाबले की मोटार चालू, लाल दाबले की बंद. लाईट गेली की तो सुटतो. मग लाईट आली तरी मोटार आपोआप चालू होत नाही. पण पुष्कळ जण त्याला ऑटो बसवतात. मग लाईट येताच मोटार सुरू होते! तेव्हा कोणाचा हात मोटारीत असला तर? म्हणून दुरुस्तीआधी मेन स्विच बंद करावा.

५) मेन स्विच – मीटरजवळ असतो. तो पाडला की साऱ्या घराची वीज बंद होते.

घरात २३० व्होल्टची वीज असते. ओल्या हाताने बटण दाबू नये. कोणाला शॉक बसला तर त्याला शिवू नका, आधी मेन स्विच पाडा. तुमच्या घरचा मेन स्विच कोठे आहे ते आजच बघून ठेवा. मी आमच्या आजीलाही दाखवून ठेवला आहे.

– इयत्ता ४ थी