पन्नाशीतील सांधेदुखी आणि शेतीकाम

मृगाचा पाऊस पडून वापसा आला की शिवारात एकच घाई उडते. पेरणी उरकते न उरकते तोच कोळपणी, खुरपणी, खत देणे अशी कामे एकामागून एक उभी राहतात. ज्या घरातील मुले नोकरीधंद्यानिमित्त शहरात गेली आहेत, त्या घरात हा सारा भार पंचेचाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्या पतिपत्नींवर पडतो. नेमक्या याच वयात गुडघे कुरकुरू लागतात, कंबर धरते, सकाळी उठल्यावर हाताची मूठ नीट वळत नाही. मजूर वेळेवर मिळत नाही आणि तण कोणासाठी थांबत नाही. अशा वेळी घरातील एक कर्ते माणूस अंथरुणाला खिळले, तर त्याची किंमत सुगीच्या वेळी मोजावी लागते.

दुखणे सुरू झाले म्हणजे शेतकरी सामान्यतः दोहोंपैकी एक मार्ग धरतो. कोणी ‘आता वय झाले’ असे म्हणून बाजेवर बसतो, तर कोणी दुखणे अंगावर काढून पूर्वीच्याच रीतीने राबत राहतो. हे दोन्ही मार्ग नुकसानीचे आहेत. बसून राहिलेल्याचे स्नायू दुबळे होतात आणि दुबळ्या स्नायूंमुळे सांधा अधिकच दुखतो. रेटून राबणाऱ्याचा सांधा लवकर झिजतो. दुखऱ्या सांध्याला बेताची, नियमित हालचाल हवी असते आणि कामाची रीत बदललेली हवी असते. हा तिसरा मार्ग कसा अनुसरावा, याचा येथे विचार केला आहे.

सांधा का दुखतो?

गुडघ्यात दोन हाडांची टोके जेथे एकमेकांसमोर येतात, तेथे त्यांवर गुळगुळीत कूर्चेचे आवरण असते. वाढते वय, जुनी दुखापत, शरीराचे अधिक वजन आणि वर्षानुवर्षे उकिडवे बसून केलेले काम यांमुळे हे आवरण झिजते. सांध्याची झीज हा जगभर आढळणारा विकार आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ साली सुमारे ५२ कोटी ८० लाख लोकांना तो होता व त्यांपैकी सुमारे ३६ कोटी ५० लाख लोकांचे गुडघे त्याने ग्रासले होते. रुग्णांत स्त्रियांचे प्रमाण पुरुषांहून अधिक असते. शेतातील खुरपणी, लावणी व वेचणी ही कामे मुख्यत्वे स्त्रियांच्या वाट्याला येतात, हे ध्यानात घेता या प्रश्नाचे गांभीर्य सहज लक्षात येईल.

कूर्चेमध्ये रक्तवाहिन्या नसतात. सांध्यात जो वंगणासारखा द्रव असतो, त्यातूनच तिला पोषण मिळते. सांधा हलला, त्यावर भार पडला व सुटला, म्हणजे हा द्रव कूर्चेत आत-बाहेर खेळतो. बैलगाडीच्या आसाला वंगण बाहेरून घालावे लागते. सांध्याचे वंगण मात्र सांधा चालता ठेवला तरच कामी येते. यास्तव दुखतो म्हणून सांधा दिवसेंदिवस स्थिर ठेवणे हितावह नाही. कंबरदुखीच्या बाबतीतही असेच आहे. पूर्वी कंबर धरली की दीर्घ विश्रांती सांगत असत. आता साध्या कंबरदुखीत अंथरूण न धरता झेपेल तेवढे हिंडते-फिरते राहावे, असाच सल्ला वैद्यकशास्त्र देते.

किती हालचाल करावी?

हालचाल किती करावी, याची सोपी कसोटी दुसऱ्या दिवशीची सकाळ होय. काम करताना थोडे दुखले व काही वेळाने थांबले, तर काळजीचे कारण नाही. परंतु दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणे वाढलेले किंवा सांधा सुजलेला आढळला, तर आदल्या दिवशीचे काम प्रमाणाबाहेर झाले असे समजावे आणि त्या दिवशी ते निम्म्यावर आणावे. अगदी बंद मात्र करू नये.

आपल्या वारीच्या चालीतून या बाबतीत चांगला बोध घेता येतो. आळंदी ते पंढरपूर हे सुमारे अडीचशे किलोमीटरचे अंतर साठी उलटलेले असंख्य शेतकरी पायी तोडतात. ते एका दमात चालत नाहीत. ठरलेल्या टप्प्यावर विसावा आणि ठरलेल्या गावी मुक्काम करीत ते पुढे जातात. शेतातील कामालाही असेच विसावे हवेत. दुखणे असह्य होईपर्यंत खुरपत राहून मग तासभर आडवे होण्यापेक्षा, दर वीस-पंचवीस मिनिटांनी उठून दोन मिनिटे सरळ उभे राहणे व चार पावले चालणे अधिक लाभदायक ठरते. एकूण काम त्यामुळे कमी होत नाही आणि संध्याकाळी घरी चालत येण्याची ताकद शिल्लक राहते.

मृगापूर्वीचा महिना

‘दिवसभर राबणाऱ्याला व्यायाम कशाला?’ असा प्रश्न शेतकरी हमखास विचारतो. प्रश्न रास्त आहे. तथापि शेतीकामात त्याच त्या सांध्यावर, त्याच त्या स्थितीत, तासन्‌तास ताण पडतो. गुडघ्याला सावरून धरणारे मांडीचे पुढील स्नायू त्यामुळे बळकट होतातच असे नाही. शिवाय चैत्र-वैशाखात हात रिकामे असतात आणि मृगात एकदम कामाचा डोंगर कोसळतो. बरेच दिवस गोठ्यात उभा असलेला बैल कोणताही जाणता शेतकरी पहिल्याच दिवशी खोल नांगरटीला जुंपत नाही. आधी हलक्या कामाला लावून त्याचे अंग मोकळे करतो. हा विचार त्याने स्वतःच्या शरीराबाबतही केला पाहिजे.

त्यासाठी मे महिन्याच्या प्रारंभापासून पुढील गोष्टी रोज कराव्यात:

१. बाजेच्या किंवा खुर्चीच्या काठावर बसून एक पाय गुडघ्यात सरळ करावा, मांडी आवळून पाच अंक मोजावेत व पाय सावकाश खाली घ्यावा. प्रत्येक पायाने दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ.

२. खुर्चीवरून, शक्य तर हातांचा आधार न घेता, आठ-दहा वेळा उठावे व बसावे.

३. खांबाला धरून दोन्ही टाचा दहा-पंधरा वेळा उचलाव्यात.

४. पाठीवर निजून गुडघे वाकवावेत, तळवे जमिनीला टेकवून कंबर वर उचलावी व क्षणभर रोखून खाली आणावी. असे दहा वेळा करावे.

५. सपाट वाटेने पंधरा मिनिटे चालण्यास प्रारंभ करावा आणि दर आठवड्यास पाच मिनिटे वाढवावीत.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी आठवड्यातून किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल आणि दोन दिवस स्नायू बळकट करणारे व्यायाम सांगितले आहेत. दररोज अर्धा तास याप्रमाणे पाच दिवस चालल्यास हे माप पुरे होते. ज्यांना हृदयविकार आहे किंवा चालताना धाप लागते, त्यांनी मात्र आधी डॉक्टरांस विचारावे.

वजन अधिक असल्यास ते थोडे उतरले तरी गुडघ्यांना आराम पडतो. शरीराचे वजन १ किलो कमी झाले, तर चालताना दर पावलाला गुडघ्यावरील भार सुमारे ४ किलोने हलका होतो, असे अभ्यासान्ती आढळले आहे. आहारातील तेल, साखर व चहाच्या खेपा कमी कराव्यात. डाळी, उसळी, दूध, नाचणी व पालेभाज्या यांना मात्र कात्री लावू नये.

कामाची रीत बदलावी

खुरपणीत गुडघे पूर्ण दुमडून तासन्‌तास बसावे लागते व सांध्यावर मोठा दाब येतो. ओळीत पेरलेल्या पिकात उभ्याने चालविण्याचे सायकल कोळपे वापरल्यास बरेचसे तण बसावे न लागता निघते. कोळप्याची मूठ कमरेच्या किंचित वर व कोपराच्या खाली यावी, म्हणजे पाठ वाकत नाही. उरलेल्या खुरपणीसाठी बसायला ठेंगणे स्टूल घ्यावे, किंवा एक गुडघा गोणपाटाच्या घडीवर टेकून बसावे व थोड्या थोड्या वेळाने गुडघा बदलावा.

दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या वैभव विळ्याचे पाते दातेरी असते. त्यामुळे हिसका न देता कापणी होते व मनगटाला ताण कमी बसतो. मक्याचे दाणे अंगठ्याने काढण्याऐवजी भोपाळच्या केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेने प्रसारात आणलेले नळीच्या आकाराचे सोलणी यंत्र वापरावे. भुईमुगाच्या शेंगा फोडण्यासाठीही उभ्याने चालविण्याचे यंत्र उपलब्ध आहे. अवजाराची मूठ फार बारीक असेल, तर ती घट्ट आवळावी लागते व बोटे दुखतात. अशा मुठीला सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळणे हा बिनखर्ची उपाय आहे.

भातलावणीत कंबर सतत वाकलेली राहते. नेरळ येथील प्रयोगशील शेतकरी चंद्रशेखर भडसावळे यांनी विकसित केलेल्या सगुणा भात तंत्रात कायम गादीवाफ्यांवर टोकण पद्धतीने बी लावतात. त्यात चिखलणी व लावणी ही दोन्ही कष्टाची कामे वगळली जातात. तणनियंत्रणाची माहिती नीट करून घेऊन प्रथम थोड्या क्षेत्रावर हे तंत्र अजमावून पाहावे.

ओझ्याबाबत विशेष सावध असावे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ सालच्या शिफारशीत प्रौढ पुरुष कामगारासाठी ५५ किलोहून अधिक वजन हातांनी वाहून नेण्याचे टाळावे असे सुचविले आहे, आणि ती मर्यादा निरोगी माणसासाठी आहे. दुखऱ्या गुडघ्याच्या माणसाने भरलेले पोते एकट्याने उचलू नये. युरियाची गोणी २०१८ पासून ५० ऐवजी ४५ किलोची झाली आहे. तरीही बांधावरच ती दोन पाट्यांत विभागून न्यावी. ओझे अंगालगत धरावे, उचलताना कमरेत पिळू नये आणि शक्य तेथे एकचाकी ढकलगाडी वापरावी. कापूस वेचताना ओटी पुरती भरण्याची वाट न पाहता ती वरचेवर रिकामी करावी.

घरातील सवयींतही थोडा बदल करावा. धार काढताना स्टुलावर बसावे, भाकरी ओट्यावर उभ्याने कराव्यात, पंगतीत व भजनात मांडी घालण्याचा हट्ट न धरता खुर्ची घ्यावी. शौचास बसताना त्रास होत असल्यास मधोमध भोक असलेली खुर्ची वापरावी. यात कमीपणा मानण्याचे कारण नाही.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

सर्वच सांधेदुखी वयाची नसते. झिजेचा आखडलेपणा सकाळी सामान्यतः अर्ध्या तासात ओसरतो. बोटांचे व मनगटांचे सांधे दोन्ही बाजूंनी सुजून तासाहून अधिक काळ आखडत असतील, तर तो संधिवात असू शकतो व त्यावर लवकर उपचार झाल्यास सांधे वाचतात. ताप येऊन एकाएकी सांधे धरले, तर चिकुनगुन्या असू शकतो. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे १९७३ साली त्याची साथ आली होती. या रोगात ताप गेल्यावरही सांधे कित्येक महिने दुखू शकतात.

सांधा लाल, गरम व सुजलेला असून ताप असणे, पडल्यानंतर पायावर भार न देता येणे, पायात बधिरपणा किंवा दुबळेपणा येणे, लघवीवरील ताबा सुटणे, यांपैकी एकही लक्षण दिसल्यास त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र अथवा ग्रामीण रुग्णालय गाठावे.

दुकानातून मिळणाऱ्या वेदनाशामक गोळ्या रोज घेऊन काम रेटण्याची सवय अत्यंत घातक आहे. अशा गोळ्यांनी पोटात व्रण होतात व मूत्रपिंडे बिघडतात. बाजारात विकल्या जाणाऱ्या निनावी पुड्यांत स्टिरॉइडची भेसळ असू शकते. पुडी घेताच बरे वाटले, म्हणजे औषध चांगले असे समजू नये. सांधा आखडला असल्यास गरम पाण्याचा शेक व ताजी सूज असल्यास थंड पाण्याची पट्टी, हे घरगुती उपाय निर्धोक आहेत.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांचे काम

अवजारांचे प्रात्यक्षिक घेताना किती क्षेत्रात काम झाले हे पाहिले जाते. अवजार चालविणाऱ्याची पाठ किती वाकली हेही पाहिले जावे. प्रात्यक्षिकात स्त्रियांच्या हाती अवजार द्यावे व मूठ त्यांच्या उंचीला जुळवून दाखवावी. एकट्या शेतकऱ्याला यंत्र परवडत नसल्यास बचत गटाने किंवा शेतकरी गटाने ते सामाईक घ्यावे. मे महिन्यातील खरीपपूर्व सभेत बियाणे व खते यांबरोबर अर्धा तास या विषयासाठी राखून ठेवावा आणि आशा कार्यकर्तीस तेथे अवश्य बोलवावे. घरातील स्त्री आपले दुखणे सहसा बोलून दाखवीत नाही. ती कामावर येईनाशी झाली की मगच ते कळते. तिची विचारपूस त्याआधी झाली पाहिजे.

झिजलेली कूर्चा पूर्ववत करणारे औषध अद्याप हाती आलेले नाही. परंतु स्नायू बळकट ठेवणे, ओझे विभागणे, उभ्याने चालणारी अवजारे घेणे आणि कामात विसावे ठेवणे हे प्रत्येकाच्या हाती आहे. एवढे पथ्य पाळले, तर पन्नाशीनंतरही अनेक हंगाम शेतकरी पतिपत्नींना आपल्या शेतात आपल्या पायांनी जाता येईल.